खांब उभे राहिले, दूध पुरलं नाही: फ्लोरेन्सच्या इनोचेंटी अनाथालयाच्या इमारतीचं प्रकरण

फ्लोरेन्सच्या सान्तिस्सिमा अन्नुन्झियाता चौकात चर्चकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला नऊ कमानींची लांब ओवरी दिसते. राखाडी दगडाचे सडपातळ खांब, पांढरा गिलावा, आणि दोन कमानींच्या मधल्या जागेत निळ्या तबकड्यांवर बाळुत्यात गुंडाळलेली पांढरी बाळं. वास्तुकलेच्या वर्गात ही ओवरी युरोपीय प्रबोधनकाळातली पहिली इमारत म्हणून शिकवतात. हे काम फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचं, सुरुवात १४१९ची. शिकवणी बहुतेक वेळा ओवरीपाशीच थांबते. आत काय चाललं, हे कमी जण विचारतात.

ही इमारत टाकून दिलेल्या मुलांसाठी बांधली होती आणि त्याच कामासाठी ती शतकानुशतकं चालली. तिचा इतिहास खांब-कमानींच्या अंगाने वाचला तर तो यशाचा आहे. तान्ह्या मुलांच्या अंगाने वाचला तर एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते: छप्पर होतं, पाळणे होते, पुजारी होता, पण अंगावर पाजणाऱ्या बायका पुरेशा नव्हत्या आणि त्यांना द्यायला पैसे नव्हते. इमारतीत पुढे झालेले बरेचसे बदल या एका अडचणीला दिलेली उत्तरं आहेत. म्हणून इथे ती त्याच क्रमाने पाहिली आहे.

पैसा एका व्यापाऱ्याचा, काम रेशीमवाल्यांचं

प्रातो गावचा व्यापारी फ्रांचेस्को दातीनी १६ ऑगस्ट १४१० रोजी वारला. मृत्युपत्रात त्याने फ्लोरेन्समध्ये टाकलेल्या मुलांसाठी नवं आश्रयस्थान उभारायला १००० फ्लोरिन (फ्लोरेन्सची सोन्याची नाणी) ठेवले होते. दातीनीला लग्नाच्या बायकोपासून मूल नव्हतं. त्याची मुलगी जिनेव्रा ही लुचिया नावाच्या घरातल्या गुलाम स्त्रीपासून झालेली. हा तपशील चरित्राचा मसाला म्हणून सोडून देण्यासारखा नाही. फ्लोरेन्सने १३६३ पासून परदेशी गुलाम आणायला रीतसर मुभा दिली होती आणि श्रीमंत घरांत काळ्या समुद्राकडून आणलेल्या तार्तार, चेर्केस मुली कामाला असत. मालकापासून त्यांना झालेली मुलं कुठं जात, याचं उत्तर पुढे या अनाथालयाच्या नोंदवह्यांमध्ये मिळतं. ‘आई गुलाम’ अशी नोंद सुरुवातीच्या वह्यांत वारंवार येते. मूल अनाथालयात गेलं की ती गुलाम स्त्री दुसऱ्या कुणाच्या घरी दाई, म्हणजे अंगावर पाजणारी बाई, म्हणून भाड्याने देता येई, म्हणजे मालकाला त्यातूनही मिळकत. हे गणित लक्षात ठेवावं, दुधाच्या बाजाराकडे वळल्यावर ते लागेल.

काम हाती घेतलं ते रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने, आर्ते देल्ला सेताने. सोनारही याच संघात मोडत आणि ब्रुनेलेस्की मुळात सोनार, म्हणून तो संघाचा सभासद होता. शहरात टाकलेली मुलं घेणारी ठिकाणं आधीही होती, सान गाल्लो आणि सांता मारिया देल्ला स्काला. पण तिथे मुलं ही आजारी, वाटसरू आणि भिकारी यांच्या सोबतीने राहत. फक्त मुलांसाठी स्वतंत्र संस्था ही इथली नवी गोष्ट. नावही त्याच अर्थाचं: हेरोद राजाने बेथलेहेममध्ये मारलेली निष्पाप बालकं, इन्नोचेंती. कारभार व्यापारी संघाचा आणि चौकट पूर्ण कॅथलिक: आत चर्च, कारभारी म्हणून प्रायर, आणि दाराशी आलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत पहिला प्रश्न बाप्तिस्म्याचा.

दहा हातांचा हिशेब

रुग्णालयापुढे ओवरी असणं फ्लोरेन्सला नवं नव्हतं. सान मात्तेओ रुग्णालयाची ओवरी त्याआधीच उभी होती. वाटसरूला सावली, भिक्षेकऱ्याला जागा, आणि रस्त्यावरून थेट आत न शिरता टेकायला एक मधली जागा, असा तिचा उपयोग. आपल्याकडच्या देवळाच्या ओवरीचं काम याहून फार वेगळं नाही. ब्रुनेलेस्कीने नवं केलं ते मापात.

फ्लोरेन्सचं माप ब्राच्चो, म्हणजे शब्दशः हात. हा हात सुमारे ५८ सेंटिमीटरचा, आपल्या दीड फुटी हातापेक्षा मोठा. ओवरीत खांबाची उंची सुमारे १० हात, दोन खांबांमधलं अंतर १० हात आणि खांबापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोलीही १० हात. म्हणजे प्रत्येक खण जवळपास ५.८ मीटरचा घन. कमान अर्धगोल, त्यामुळे तिची त्रिज्या आपोआप ५ हात. एक आकडा ठरवला की बाकीचे त्यातून निघतात. गवंड्याच्या दृष्टीने याचा फायदा सरळ आहे: प्रत्येक खणाला तोच साचा, तीच फळी, तीच दोरी. पाथरवटाला शीर्षं आणि खांब एका मापाने आगाऊ घडवून ठेवता येतात.

प्रत्येक चौरस खणावर एक उथळ घुमट आहे, उलट्या कढईसारखा. पुढच्या बाजूला तो खांबांवर आणि मागच्या बाजूला भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी आधारांवर टेकतो, तिकडे खांब नाहीत. इथेच रचनेचा नाजूक मुद्दा येतो. कमान खाली दाबते तशी बाहेरही रेटते. ओळीतल्या शेजारच्या कमानी एकमेकींचा रेटा मोडतात. शेवटच्या कमानीचा रेटा घ्यायला टोकाला भरीव बांधकाम लागतं आणि ते तिथे आहे, चौकोनी अर्धस्तंभांनी बांधलेले बंद खण. पण घुमट चौकाच्या दिशेनेही रेटतो. मागे जाड भिंत आहे, पुढे मात्र एकच सडपातळ खांब. टेकू भिंती दिल्या असत्या तर ओवरीचा हलकेपणा गेला असता. म्हणून कमानींच्या पायथ्याशी लोखंडी ताणसळया घातल्या, खांबाचं डोकं मागच्या भिंतीला बांधून ठेवणाऱ्या. छायाचित्रांत त्या खटकतात आणि पुस्तकातल्या रेखाटनांतून कित्येकदा गाळल्या जातात, पण त्या काढल्या तर ओवरी पुढे उघडेल. जुन्या कमानदार इमारतीची पाहणी करताना अशा सळया दिसल्या तर ती नंतरची मलमपट्टी आहे असं धरून चालू नये.

दगड पिएत्रा सेरेना, फिएझोलेच्या आसपासच्या टेकड्यांतला निळसर राखाडी वालुकाश्म. ताजा असताना तो छान घडतो, कडा धारदार येतात. दोष त्याच्या पोटात असतो. वाळूच्या कणांमध्ये चिकणमातीचा अंश असतो. पाणी मुरलं की ती फुगते, वाळली की आक्रसते, आणि काही दशकांत पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. ओवरीच्या आत, छपराखाली, हाच दगड शतकं टिकतो. पाऊस आणि ऊन आलटून पालटून मिळणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांवर तो सोलवटतो. त्यामुळे अशा इमारतींत डागडुजीचा खर्च बाहेरच्या कडा, पायऱ्या आणि खांबांचे पाय इथे जास्त होतो, आणि दर दुरुस्तीत मूळ दगडाचा थोडा अंश कायमचा जातो.

ब्रुनेलेस्की इथे १४२७ पर्यंतच होता, आणि त्यातही १४२० पासून कॅथेड्रलच्या महाघुमटात अडकलेला. पुढचं काम फ्रांचेस्को देल्ला लूनाकडे गेलं. हा संघाचा माणूस, हौशी वास्तुकार. दर्शनी भागाच्या टोकाला आडवी पट्टी सरळ संपवायची सोडून त्याने ती काटकोनात खाली वळवून जमिनीपर्यंत नेली. खांबांवर तोललेली तुळई अचानक चित्राच्या चौकटीसारखी वाकते, याला रचनेत काही अर्थ नाही. वरच्या मजल्यावर ठरलेले छोटे अर्धस्तंभही गळाले. समकालीन चरित्रकाराने दिलेला किस्सा असा: ब्रुनेलेस्कीने जाब विचारला तेव्हा देल्ला लूनाने शहराच्या बाप्तिस्मागृहाचा दाखला दिला, त्यावर उत्तर मिळालं की त्या वास्तूत चूक एकच आहे आणि तू नेमकी तीच उचललीस. किस्सा रंगवलेला असू शकतो, चूक मात्र आजही जागेवर आहे. कारण तांत्रिक आहे. वास्तुकार तोंडी सूचनांवर आणि मापांच्या रेखाटनावर काम चालवत होता. तो उठून गेल्यावर टोकाचं काय करायचं हे कागदावर नव्हतं. अशा प्रकल्पांत चुका बहुतेक कोपऱ्यातच होतात, मधल्या खणांत नाही, कारण मधला खण आधीच्या खणाची नक्कल असतो.

पायाभरणीपासून मुलं घेईपर्यंत पाव शतक गेलं. मधल्या काळात फ्लोरेन्स आधी मिलानशी आणि मग लुक्काशी लढत होतं, आणि युद्धाचा खर्च व्यापारी संघांच्याच खिशातून जात होता.

चौक कुणाचे

मूळ आराखडा साधा आणि जवळपास सममित आहे. ओवरीतून आत गेलं की मधोमध चौरस चौक, त्याच्या एका बाजूला लांबट चर्च आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच लांब मुलांचं शयनगृह. देव आणि मुलं समोरासमोर, समान लांबीचे. वाड्याची सवय असलेल्या डोळ्याला हा चौक लगेच उमगेल: उजेड, वारा आणि ये-जा या तिन्ही गोष्टी तोच सांभाळतो. हा पुरुषांचा चौक, इथे कारभारी आणि पुजारी.

बाजूला दुसरा चौक आहे, अरुंद आणि लांबट, त्याचे खांब इतके सडपातळ की ते भार पेलतात यावर विश्वास बसायला वेळ लागतो. हा बायकांचा चौक. इथे आत राहणाऱ्या दाया, स्वयंपाकीण, धुणं करणाऱ्या आणि मोठ्या होत जाणाऱ्या मुली. बाहेरच्या पुरुषाच्या नजरेपासून हा भाग पूर्ण तोडलेला. वर छपराजवळ एक उघडी कमानदार गच्ची, वेरोने, बाळुती आणि चादरी वाळवण्यासाठी. शेकडो तान्ह्यांच्या संस्थेत कपडे वाळवणं हे किरकोळ काम नाही. बाळाला तेव्हा पट्ट्यांनी घट्ट गुंडाळत, पट्ट्या दिवसातून अनेकदा बदलाव्या लागत, आणि फ्लोरेन्सचा हिवाळा ओलसर. गच्चीला वारा मिळेल अशी जागा देणं ही आराखड्यातली कदाचित सर्वांत उपयोगी गोष्ट होती. पुस्तकांत तिला ओळभरही जागा मिळत नाही.

कुंड, वही आणि अर्धं नाणं

५ फेब्रुवारी १४४५ रोजी पहिलं मूल आलं. मुलगी होती, दिवस संत अगाताचा, म्हणून नाव अगाता, पूर्ण नाव अगाता स्मेराल्दा. नोंदवहीत मात्र साल १४४४ आहे. फ्लोरेन्सचं वर्ष २५ मार्चला, देवदूताच्या निरोपाच्या सणाला, बदलत असे. या संग्रहातल्या जानेवारी ते मार्चच्या तारखा वापरताना एक वर्ष मिळवायला विसरलं की पुढचा सगळा हिशेब घसरतो, आणि ही चूक छापील लिखाणातही सापडते.

सुरुवातीला मूल ठेवायची जागा म्हणजे ओवरीतलं एक दगडी कुंड, पीला. दाराशी असलेल्या पवित्र पाण्याच्या कुंडासारखं. मूल आत घेतलं की वहीत नोंद होई. या वह्यांचं नाव ‘दाया आणि मुलं’ असं आहे आणि संस्थेचा सारा कारभार त्या दोन शब्दांत आला. नोंदीत दिवस आणि वेळ, कुणी आणलं, अंगावर कुठले कपडे, कापडाचा रंग आणि प्रत, सोबत चिठ्ठी होती का, बाप्तिस्मा झाला होता का. चिठ्ठी नसेल आणि गळ्यात मिठाची पुरचुंडी असेल तर बाप्तिस्मा झालेला नाही असं समजायची तिकडची रीत होती.

कपड्यांचं इतकं बारीक वर्णन का, तर तीच ओळख. आई किंवा बाप पुढेमागे मुलाला न्यायला आला तर पटवायचं कशावरून? म्हणून खुणा ठेवल्या जात: अर्धं मोडलेलं नाणं, तुकडा केलेलं पदक, कापलेली फीत, मणी. दुसरा अर्धा तुकडा आईकडे. नोंदीत ‘अर्धं’ असा शब्द असेल तर ठेवणाऱ्याच्या मनात परत येण्याचा विचार होता, एवढं तरी खात्रीने म्हणता येतं. अर्धा तुकडा घेऊन परत आलेल्यांची संख्या ठेवणाऱ्यांच्या मानाने फार थोडी.

दूध कुठून आणायचं

मूल घेतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याला पाजणं भाग होतं. त्यासाठी आत राहणाऱ्या दाया होत्या, पण त्या मोजक्या. एका बाईच्या अंगावर दोन, कधी तीन मुलं. बाहेरून दाई मिळेपर्यंत मूल आतच राही. म्हणजे इमारत ही तान्ह्या मुलांसाठी घर नव्हतीच; ते थांबण्याचं ठिकाण होतं. गाडी वेळेत आली तर ठीक, नाही आली तर मूल आतच संपत असे.

बाहेरच्या दाया खेड्यांत: मुजेल्लो, काझेंतीनो, डोंगराळ भाग. करार दाईशी नव्हे, तिच्या नवऱ्याशी होई आणि पैसे तोच घेऊन जाई. अंगावर पिणाऱ्या मुलाचा महिना जास्त, दूध सुटलेल्या मुलाचा कमी. दूध साधारण दीड ते दोन वर्षांनी सोडवत. त्यानंतरही मूल बरेचदा त्याच घरी काही वर्षं वाढे आणि मग परत शहरात.

ही व्यवस्था बिघडायची ती पैशाच्या थकबाकीने. क्रम दर वेळी तोच. दुष्काळ किंवा युद्ध आलं की टाकलेल्या मुलांची संख्या वाढते. त्याच वर्षी देणग्या आणि शेतीचं उत्पन्न घटतं. दायांचा पगार महिनोन्‌महिने थकतो. खेड्यातला नवरा काही काळ वाट पाहतो, मग मूल परत आणून ठेवतो. आत आधीच गर्दी, आत राहणाऱ्या दायांवरचा बोजा आणखी वाढतो, मुलं अशक्त होतात, जुलाब आणि गोवरासारखे आजार एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरतात आणि मृत्यू वाढतात. बातमी खेड्यात पोचते आणि नव्या दाया मिळेनाशा होतात. या चक्रात आलेल्या वर्षी निम्म्याहून अधिक तान्ही मुलं दगावणं अपवाद नव्हता.

जनावराचं दूध हा पर्याय का चालला नाही, असं आजच्या वाचकाच्या मनात येईल. जंतू मारून दूध टिकवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्याआधी उन्हाळ्यात काही तास ठेवलेलं गाईचं किंवा शेळीचं दूध धुवायला कठीण अशा शिंगाच्या वा मातीच्या भांड्यातून पाजणं म्हणजे जुलाबाला आमंत्रण. दुसरा धोका उलट्या दिशेचा: जन्मतः उपदंश असलेलं मूल निरोगी दाईच्या अंगावर लावलं की रोग तिला, तिच्याकडून तिच्या नवऱ्याला आणि तिच्या स्वतःच्या मुलाला. खेड्यातल्या बायकांनी शहरातल्या मुलांना नकार देण्यामागे हे ठोस कारण होतं.

आणि लबाडी. दाईकडचं मूल मेलं तर पगार थांबे, म्हणून मृत्यू लपवून दुसरं मूल दाखवायचे प्रकार होत. आई स्वतःचं मूल कुंडात ठेवून मग ओळखीने त्याच मुलाची पगारी दाई बनून येते, ही तक्रार युरोपभरच्या अशा संस्थांमध्ये सारखी ऐकू येते. यावर उपाय म्हणून मुलाच्या अंगावर संस्थेची खूण बांधणं आणि फिरते निरीक्षक पाठवणं सुरू झालं. आईच्या या युक्तीला लबाडी म्हणायचं की गरिबीतली हुशारी, हे ज्याने त्याने ठरवावं. हिशेब पाहता मुलासाठी ती सर्वांत चांगली व्यवस्था होती.

कर्जात असताना निळा रंग

१४८०च्या दशकात प्रायर फ्रांचेस्को तेसोरीने दोन मोठी कामं काढली. चर्चच्या मुख्य वेदीसाठी दोमेनिको गिर्लांदायोकडून चित्र: तीन राजांनी बाळ येशूला केलेलं वंदन. ऑक्टोबर १४८५चा करार कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, कारण त्यात सगळं नेमकं लिहिलंय. किंमत ११५ फ्लोरिन, मुदत ३० महिने, दरमहा ३ फ्लोरिन हप्ता, उशीर झाला तर १५ फ्लोरिन दंड, आणि निळा रंग अस्सल लाजवर्दी, औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचा. दातीनीच्या मूळ देणगीच्या दशांशाहून जास्त रक्कम एका चित्रावर! चित्रात पुढे दोन छोटी मुलं गुडघे टेकून बसली आहेत, अंगावर जखमा, मागे दूरवर हेरोदाच्या सैनिकांची कत्तल.

दुसरं काम बाहेरचं. ब्रुनेलेस्कीने कमानींमधल्या गोल जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. १४८७ मध्ये आंद्रेआ देल्ला रोब्बियाने तिथे भाजक्या मातीची दहा बाळं बसवली. तंत्र असं: माती एकदा भाजायची, त्यावर कथिलमिश्रित अपारदर्शक काचलेप द्यायचा, पुन्हा भाजायचं. पांढरा कथिलाचा, निळा कोबाल्टचा. लेप पाणी शिरू देत नाही, म्हणून आजूबाजूचा दगड सोलवटला तरी बाळं तशीच. टोकांच्या चार तबकड्या मात्र एकोणिसाव्या शतकातल्या नकला आहेत. काही बाळांच्या पट्ट्या सैल होऊन खाली घसरलेल्या दिसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपलं बोधचिन्ह यांच्यातल्याच एका बाळावरून घेतलं.

दायांचे पगार थकत असताना ही चैन कशाला, असा आक्षेप घेता येतो. पण संस्थेचं उत्पन्न देणगी आणि मृत्युपत्रांवर होतं, आणि चौकातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला आतलं शयनगृह दिसत नव्हतं, तबकड्या दिसत होत्या. मागणीपत्र म्हणून ती गुंतवणूक होती. ती किती फळली याचा हिशेब मांडणं अवघड. पाहणाऱ्यांच्या मनात संस्थेची ओळख मात्र तिनेच ठरवली.

पेढी झालेलं अनाथालय

सोळाव्या शतकात इथे एक वेगळाच धंदा वाढला. लोक अनाथालयात पैसे ठेवू लागले. संस्था जुनी, मालमत्ता मोठी, धर्माचं छत्र, म्हणून भरवसा. १५५२ ते १५८० या काळात प्रायर होता विन्चेंझियो बोर्गीनी, आपल्या काळातला नामांकित विद्वान आणि फ्लोरेन्सचा राज्यकर्ता कोझिमो द मेदिची याच्या जवळचा माणूस. ठेवींमुळे रोजचा खर्च भागत राहिला, पण ठेव म्हणजे देणं. मेदिची दरबारही या पैशाचा वापर करून घेत होता. १५७०च्या दशकाच्या अखेरीस परतफेड थांबली. दोष एकट्या बोर्गीनीवर टाकणं सोपं आहे, पण मुळाशी तेच दुधाचं गणित होतं: दायांना रोख लागते, आणि शेतजमीन वर्षातून एकदाच पीक देते.

त्याच काळात दुसरा दाब आतून. मुलगे शिकाऊ म्हणून कारागिरांकडे जात. मुलींना बाहेर पाठवायचं तर हुंडा लागे. हुंडा नाही म्हणून मुली आतच मोठ्या होत, रेशीम कातत, विणत, म्हाताऱ्या होत. तान्ह्यांसाठी बांधलेल्या इमारतीत शेकडो प्रौढ बायका झाल्या, आणि बायकांच्या चौकाभोवती खोल्यांवर खोल्या चढत गेल्या. बेर्नार्दीनो पोच्चेत्तीने १६१० मध्ये भोजनगृहाच्या भिंतीवर निष्पाप बालकांच्या कत्तलीचं चित्र रंगवलं, त्यात या संस्थेतलं जगणंही दिसतं.

गजांची खिडकी

१६६० मध्ये कुंड गेलं. ओवरीच्या डाव्या टोकाला भिंतीत लोखंडी गजांची खिडकी आली. गजांमधलं अंतर नवजात बाळ जाईल एवढंच. हा बदल दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. कुंडात कितीही मोठं मूल ठेवता येई. दोन-तीन वर्षांची मुलंही येत. आता वयाची अट लोखंडाने घातली. नियम कागदावर लिहिला तर द्वारपाल दयेने मोडतो. गज दया करत नाही.

पुढे लोकांच्या तोंडी या खिडकीचंही नाव ‘रुओता’, चक्र, असंच पडलं. इतर शहरांत खरोखर फिरतं लाकडी पिंप असे, अर्धं उघडं, भिंतीत उभ्या आसावर बसवलेलं. मूल ठेवायचं, फिरवायचं, घंटा वाजवायची, ठेवणाऱ्याचा चेहरा आत दिसत नाही. खिडकीवरचा आजचा शिलालेख म्हणतो की १८७५ पर्यंत चार शतकं हे इनोचेंटीचं चक्र होतं. शिलालेखाची भाषा सुरेख आहे, हिशेब ढिला: चार शतकांतली पहिली दोनशेहून अधिक वर्षं कुंडाची आहेत.

टाकलेल्या मुलांना मिळणारी आडनावंही इमारतीतून निघाली: इन्नोचेंती, नोचेंतीनी, देलिन्नोचेंती. फ्लोरेन्सच्या तोस्काना प्रांतात ती आजही सर्रास आढळतात. १७५६ मध्ये इथे देवीची टोचणी करून पाहिली गेली. बंद आवारात, पालक नसलेल्या मुलांवर. त्याचं श्रेय नोंदवताना हा दुसरा अर्धा भागही नोंदवायला हवा.

१८७५ मध्ये खिडकी बंद झाली. अशी चक्रं बंद करायला इटलीत फेरारा शहराने १८६७ मध्येच सुरुवात केली होती. कारण नैतिक कमी, हिशेबी जास्त: निनावी दारातून येणाऱ्या मुलांमध्ये विवाहित जोडप्यांची मुलं मोठ्या प्रमाणात होती, म्हणजे गुप्ततेसाठी ठेवलेली सोय गरिबीचा भार वाहत होती. त्यानंतर मूल कार्यालयात, कागद करून द्यावं लागे.

मराठी वाचकाला इथे पुण्याची आठवण होणं स्वाभाविक आहे. जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, आणि नेमक्या १८७५ मध्ये, फ्लोरेन्सची खिडकी मिटत असताना, प्रार्थना समाजाने पंढरपुरात तसंच आश्रयस्थान उघडलं. साम्य गुप्ततेचं. फरक मोठा आहे: पुण्यात आईला आत घेतलं, तिचं बाळंतपण केलं. फ्लोरेन्सच्या ओवरीने फक्त मूल घेतलं, आई पायऱ्यांवरच राहिली. दूध तिच्याकडेच होतं.

आजची इमारत

संस्था बंद पडलेली नाही. आवारात बालवाड्या आहेत, अडचणीतल्या आया आणि मुलांसाठी निवारा आहे, आणि १९८८ पासून युनिसेफचं संशोधन कार्यालयही इथे आलं. २०१६ मध्ये नव्याने मांडलेलं संग्रहालय खुलं झालं. तळघरात संस्थेचा आणि मुलांचा इतिहास, मधल्या मजल्यावर चौक आणि वास्तू, वर चित्रं. खुणांसाठी लहान लहान खण आहेत. खण ओढला की आत अर्धं पदक किंवा फितीचा तुकडा, सोबत मुलाचं नाव.

दुरुस्तीत सर्वांत अवघड गोष्ट ये-जा ठरली. पंधराव्या शतकातल्या आराखड्यात पुरुषांचा आणि बायकांचा भाग मुद्दाम तोडलेला होता. संग्रहालयाला सगळे मजले जोडणारे जिने आणि उद्वाहक हवे होते, तेही ओवरीला हात न लावता. नवं दार आणि नवे जिने धातूचे, उघड वेगळे दिसतील असे केले, जुन्याची नक्कल केली नाही. बाळुती वाळवायच्या वेरोनेत आता उपाहारगृह आहे. तिथे वारा अजूनही चांगला लागतो.